उसनी लय

शाल्मली कृष्णेत पडली तेव्हा ऋतुजा तिच्यापासून चार हातांवर उभी होती.

सांगलीच्या घाटावर संध्याकाळची गर्दी होती. नदीतून एक होडी चालली होती आणि तिच्यात कुणीतरी ताशा वाजवत होतं. शाल्मलीची नजर त्या होडीवर गेली आणि नजरेपाठोपाठ पाय गेले. पायऱ्या संपल्या हे तिला कळलंच नाही. ऋतुजाने तिचा हात सोडला होता तो भेळेच्या गाडीवर खोचलेली रंगीत भिरभिरी बघण्यापुरता. किती वेळ बघत होती, हे तिला नंतर कधीच सांगता आलं नाही. आरडाओरडा ऐकून ती वळली, तोवर कपडे धूत असलेल्या एका बाईने साडीसकट उडी टाकून पोरीला वर ओढलंही होतं.

"लक्ष कुठं हुतं तुमचं?" ती बाई धापा टाकत म्हणाली.

शाल्मली खोकली, नाकातोंडातलं पाणी तिने पुसलं आणि म्हणाली, "आई, त्या होडीत एक कुत्रं पण होतं."

शाल्मली तेव्हा नऊ वर्षांची होती. ती पाच वर्षांची असतानाच डॉक्टरांनी एडीएचडी असं निदान केलं होतं, आणि तेव्हापासून ऋतुजाने एकही दार ठोठावायचं बाकी ठेवलं नव्हतं. आधी औषधं झाली. त्यांनी पोर शांत बसायची, पण जेवण सुटलं आणि दिवसभर कुणीतरी ओरडल्यासारखा चेहरा करून फिरायची. मग कुणी म्हणालं साखर बंद करा, ती केली. झोके, दोऱ्या आणि चेंडूंचे व्यायाम करून घेणाऱ्या बाईंकडे वर्षभर नेलं. त्याचा फायदाही झाला, पण त्या बाई लग्न होऊन हुबळीला गेल्या. तबल्याचा क्लास लावला. गुरुजींनी महिन्याभरात हात जोडले. शाळा दोन बदलून झाल्या. तिसऱ्या शाळेत बाई चांगल्या होत्या, वर्गातली मुलं नव्हती. वाढदिवसाला ऋतुजाने सगळ्या वर्गाला बोलावलं, तर एकच मुलगी आली आणि तीही अर्ध्या तासात आईला फोन लावून निघून गेली.

त्या दिवशी फुगे फोडत बसलेली शाल्मली म्हणाली होती, "आई, मला माझ्याच डोक्याचा कंटाळा येतो."

हे वाक्य ऋतुजाच्या मनातून कधी गेलं नाही. घाटावरच्या त्या संध्याकाळनंतर तर मुळीच नाही.

ऋतुजा सूत्रसंचालनाचं काम करायची. लग्नं, बारशी, संस्थांचे वर्धापनदिन. सूत्रसंचालन करणारे यंत्रांचे आवाजही आता हवे तसे मिळत होते, तरी सांगलीकरांना अजून जिवंत जीभ लागायची, आणि ऋतुजाची जीभ भलतीच जिवंत होती. नवऱ्याशी, निनादशी, तिचं कधी मोठं भांडण असं झालंच नव्हतं. तो मोजमापाची उपकरणं तपासून देणारा माणूस. घरात पाऊल टाकलं की रोज काहीतरी हरवलेलं, करपलेलं, विसरलेलं. एके दिवशी तो म्हणाला, "माझा इथे श्वास कोंडतो गं." त्यानंतर तो तळेगावला नोकरी घेऊन गेला. त्याला आता तीन वर्षं झाली होती. महिन्यातून एकदा येऊन तो लेकीला घेऊन फिरायचा, इतकंच.

पुण्यातल्या मेंदूच्या उपचारांच्या एका केंद्राबद्दल ऋतुजाला एका कार्यक्रमात कळलं. तिथल्या डॉक्टर लतिका बिडवे साठीच्या होत्या. बोलताना समोरच्याला थांबवायच्या नाहीत आणि स्वतःही घाई करायच्या नाहीत. शाल्मली त्यांच्या टेबलावरची पेनं एकात एक अडकवत होती, तेव्हा त्यांनी ऋतुजाला सगळं समजावून सांगितलं.

"आपण लक्ष देतो म्हणजे काय करतो?" त्या म्हणाल्या. "मेंदूतल्या लाखो पेशी एका लयीत काम करायला लागतात. ती लय कपाळामागचा भाग धरून ठेवतो. शाल्मलीच्या मेंदूत ताकद कमी नाही. लय टिकत नाही, ती सारखी बदलते. आता दुसरी गोष्ट. दोन माणसं गप्पा मारत चालली की पावलं आपोआप सारखी पडायला लागतात, बघितलंय ना? तसंच दोन माणसं मन लावून एक काम करत असली की त्यांच्या मेंदूंची लयही जुळते. हे जुनंच ज्ञान आहे. नवं एवढंच, की एकाची लय टिपून ती दुसऱ्याला अगदी हलकेच देता येते."

त्यांनी एक पट्टा काढून दाखवला. केसांच्या पट्ट्याएवढाच, करड्या रंगाचा, लय स्थिर असेपर्यंत हिरवा राहणारा बारीक दिवा असलेला. या उपचाराला केंद्रात सहलय म्हणत.

"एक मोठ्या माणसाने घालायचा, एक मुलीने. जेवताना, अभ्यास करताना, भाजी निवडतानासुद्धा. मोठ्याचं लक्ष स्थिर, तर त्याच्या आधाराने मुलीचं स्थिर. दीड-दोन वर्षं रोज असं झालं, की तिचा मेंदू ते शिकून घेतो. मग पट्टा लागत नाही."

"मग माणूस कशाला लागतो? कुणाची तरी लय भरून ठेवा ना त्यात."

"करून पाहिलं. मुलं दोन दिवसांत कंटाळली. भरून ठेवलेली लय मुलासाठी थांबत नाही. मूल अडखळलं की सोबतच्याने जरा हळू व्हावं लागतं. ते जिवंत माणूसच करतं, आणि तेही जीव लावणारं. म्हणून आम्ही आईबाप घेतो. वयाच्या अकराव्या वर्षानंतर मात्र फारसा उपयोग होत नाही. तुमच्याकडे वेळ थोडाच आहे."

"मी आजपासून घालते," ऋतुजा म्हणाली.

आधी ऋतुजाची तपासणी झाली. तिला एक मजकूर वाचायला दिला, मणी ओवायला दिले, एक लांबलचक आवाज ऐकायला लावला. डॉक्टर पडद्याकडे पाहत राहिल्या. शेवटी खुर्ची जवळ ओढून त्यांनी विचारलं, "तुम्हाला लहानपणी कुणी तपासलं होतं का?"

"कशासाठी?"

"याच्यासाठी."

ऋतुजा हसली. "मला वेंधळी म्हणायचे. त्याला तपासणी लागत नाही."

डॉक्टरांनी पडदा तिच्याकडे वळवला. वरच्या बाजूला शाल्मलीची रेषा होती, खाली तिची. कोणती कुणाची, हे नावं वाचल्याशिवाय सांगता आलं नसतं. दोन्ही रेषा सारख्याच उसळत होत्या, सारख्याच भरकटत होत्या.

ऋतुजा कितीतरी वेळ त्या रेषांकडे बघत राहिली. कॉलेजात अर्धवट सोडलेली परीक्षा तिला आठवली. वडिलांनी पाहुण्यांसमोर तिची नक्कल केली होती, तेही. गॅसवर करपलेली भांडी, आणि निनादने न बोलता घासून ठेवलेली तीच भांडी. आयुष्यभर ज्याला ती आपला स्वभाव समजत होती, त्याला नाव होतं. तिला रडावं की सुटल्यासारखं वाटून घ्यावं ते कळेना.

"म्हणजे मी पट्टा घालून उपयोग नाही," ती म्हणाली.

"नाही. तुमच्याकडे द्यायला जी लय आहे, ती तिच्याकडे आधीच आहे." डॉक्टर हळूच म्हणाल्या. "तिचे वडील?"

निनादला फोन करायला ऋतुजाने दोन दिवस लावले. तो सगळं ऐकून घेईल, मग म्हणेल की बघ, मी सांगत होतो, असं तिला वाटत होतं. तसं काही झालं नाही.

"ऋतू, म्हणजे तू मुद्दाम काही करत नव्हतीस," तो म्हणाला.

"मुद्दाम कोण करतं रे?"

"मला वाटायचं, तुला पर्वा नाही. तिला पाठव इकडे. मी बदली घेऊन सांगलीला येऊ शकत नाही, पण घरून काम करेन. जमवतो मी."

उन्हाळ्याच्या सुट्टीत शाल्मली तळेगावला गेली. निनादने तिच्यासाठी खिडकीजवळ टेबल मांडलं, दोघांचे पट्टे सकाळी सोबत चढायला लागले. पहिल्याच आठवड्यात तिने एक अख्खं चित्र पुरं केलं. निनादने त्याचा फोटो पाठवला. नुसतं जास्वंदीचं झाड होतं, पण प्रत्येक पानाला शिरा होत्या. तो फोटो ऋतुजाने शेजारपाजारच्या सगळ्यांना दाखवला.

शनिवार-रविवारी ती तळेगावला जायची. ती दारात दिसली की शाल्मली तीरासारखी यायची, आणि दोघींचं बोलणं एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं असं चालू व्हायचं. निनाद स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता हसायचा. तिघांनाही ते दिवस गोड गेले.

दीड महिन्याने डॉक्टरांनी ऋतुजाला एकटीलाच बोलावलं.

"सोमवार ते शुक्रवार रेषा सुधारते," त्या म्हणाल्या. "शनिवारी तुम्ही आलात की ती पहिल्या दिवसावर जाते. नुसती जात नाही, दोन-तीन दिवस तिथेच राहते. तुम्ही फोनवर बोललात तरी तसंच होतं."

"मी काय करते असं?"

"काहीच नाही. तुमचं तिच्याशी जुळलेलं आहे. पट्ट्याशिवाय, ती जन्मली तेव्हापासून. मी इतक्या मायलेकी पाहिल्या, इतकं घट्ट जुळलेलं क्वचितच पाहिलंय. तुमचा आवाज आला की तिचा मेंदू निनादना सोडून तुमच्याकडे धावतो. तिथे त्याला ओळखीचं वाटतं."

खोलीतला पंखा फिरत होता. ऋतुजाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"किती दिवस लांब राहू?"

"उपचार संपेपर्यंत. भेट नाही, आवाज नाही. चिठ्ठी चालेल, चित्रं चालतील. आणि एक सांगायला हवं. नंतर तुमच्या दोघींचं काय होईल हे मला माहीत नाही. तुमच्यासारखी जोडी आमच्याकडे आधी आलेली नाही. नको वाटलं तर नको म्हणा. तुमच्यासारखी माणसंही जगतातच की. तुम्ही नाही का जगलात?"

जगले, ऋतुजाच्या मनात आलं. पण कशी जगले ते मलाच माहीत. आणि मी कधी नदीत पडले नव्हते.

तिने शाल्मलीला स्वतःच सांगायचं ठरवलं. इंद्रायणीच्या काठावर एका झाडाखाली त्या दोघी बसल्या. निनाद दूर गाडीपाशी थांबला होता. शाल्मलीने ऐकताना गवताच्या काड्यांची जुडी बांधली, सोडली, त्यातली एक कानात घातली.

"म्हणजे तू बोललीस की मी बिघडते?"

"बिघडत नाहीस गं. आपण दोघी मिळून भरकटतो. मला ते आवडतं. तुला?"

"मला पण." काडी कानातून काढून तिने तिचे तुकडे केले. "पण आई, बाबांकडे असते ना तेव्हा मला एक गोष्ट कळते. खालच्या मजल्यावरची नुपूर मला काहीतरी सांगते, आणि ती काय म्हणाली ते मला शेवटपर्यंत ऐकू येतं. मग ती दुसऱ्या दिवशी पण येते."

ऋतुजाने तिच्या मांडीवरचे काडीचे तुकडे झटकले.

"तू रडणारेस का?" शाल्मलीने विचारलं.

"नाही."

"मी रडणारे," असं म्हणून शाल्मली तिच्या मांडीत डोकं खुपसून रडली. रडता रडता मध्येच तिने वर पाहिलं, झाडावर खार होती. ऋतुजानेही वर पाहिलं. दोघी खार दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिल्या. मग निनाद आला आणि लेकीला घेऊन गेला.

त्यानंतरचे महिने ऋतुजाने कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. डॉक्टरांनी तिला स्वतःसाठीही गोळ्या दिल्या. त्या तिला चांगल्या मानवल्या. घरातल्या किल्ल्या खिळ्यावर राहू लागल्या, दूध उतू जायचं थांबलं. ज्या घरात निनादचा श्वास कोंडायचा ते घर आता नीटनेटकं होतं, आणि त्यात ती एकटी होती. "मग आता माझीच लय दिली तर?" असं तिने एकदा डॉक्टरांना विचारलंही. गोळीने काम होतं, पण खालची लय तीच राहते, असं त्या म्हणाल्या.

ती चित्रं पाठवायची, चार ओळी लिहायची. शाल्मलीची उत्तरं यायची. आधी ती वेडीवाकडी असायची, एका वाक्यात तीन विषय. मग वाक्यं सरळ होत गेली. "प्रिय आई, मी बरी आहे. गणिताची परीक्षा चांगली गेली. नुपूर आणि मी पोहायला शिकतो. तू काळजी घे." ऋतुजा ते सगळं पुन्हा पुन्हा वाचायची. त्यात नाव ठेवण्यासारखं काहीच नव्हतं.

हिवाळ्यात तळेगावजवळ एका लग्नाचं काम तिला मिळालं. कार्यक्रम लवकर संपला आणि तिचे पाय निनादच्या सोसायटीकडे वळले. आत जायचं नाही, बोलायचं नाही, हे तिने स्वतःला बजावलं होतं. सोसायटीच्या वाचनालयाला रस्त्याच्या बाजूने काच होती. शाल्मली आत पुस्तक वाचत होती. उंच झाली होती. केस कापले होते. कपाळावर पट्टा, समोर निनाद त्याचं काम करत बसलेला.

ऋतुजा काचेपलीकडे उभी राहिली. पूर्वी रस्त्यावरून टेम्पो गेला, पाखरू बसलं, कुणी शिंकलं तरी या पोरीची मान वळायची. आता टेम्पो गेला. एक माणूस कुत्र्यावर ओरडत गेला. शाल्मलीने पान उलटलं.

तिला इतकं बरं वाटलं की तिने काचेला हात लावला. पोर वाचत होती! आणि मग तिच्या लक्षात आलं, की तिची आई हाताच्या अंतरावर उभी आहे आणि पोर वाचतच आहे. निनादने मात्र वर पाहिलं. दोघांची नजर मिळाली. त्याने काही खूण केली नाही, तो नुसता बघत राहिला, आणि त्याच्या पट्ट्यावरचा हिरवा दिवा क्षणभर पिवळा झाला. शाल्मली चुळबुळली. ऋतुजा पटकन मागे सरली आणि थेट रस्त्याला लागली.

पुढच्या पावसाळ्यानंतर उपचार संपला. डॉक्टरांनी सगळ्यांना केंद्रात बोलावलं. ऋतुजा आधी पोहोचली होती. दार उघडून शाल्मली आली, "आई!" म्हणाली आणि चालत येऊन तिला मिठी मारली. मिठी चांगली होती. सुटायची वेळ झाल्यावर सुटली.

डॉक्टरांनी शेवटची तपासणी म्हणून दोघींना समोरासमोर बसवलं, डोक्याला तारा लावल्या आणि गप्पा मारायला सांगितलं. शाल्मलीने शाळेचं सांगितलं. ऋतुजाने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला तिने नीट उत्तर दिलं. ऋतुजाला बोलता बोलता एका लग्नातला गमतीचा प्रसंग आठवला, त्यावरून दुसरा, आणि शाल्मली हसून म्हणाली, "आई, आधी पहिला संपव ना."

तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी पडदा वळवला. खालची रेषा उसळत होती. वरची आपल्या वाटेने शांतपणे चालली होती. खालची कितीही उसळली तरी वरचीला धक्का लागत नव्हता.

"आता काही धोका नाही," डॉक्टर निनादला म्हणाल्या, "तिने आईला हवं तेवढं भेटावं." मग ऋतुजाकडे वळताना त्यांचा आवाज जरा बदलला. "सगळं तुम्हाला दिसतंय. मला जे माहीत नव्हतं, तेही."

"हो," ऋतुजा म्हणाली. "तिचं चांगलं झालं."

"पुन्हा जुळेल का, ते मी सांगू शकत नाही. माणसं भेटत राहिली तर काही ना काही जुळतं. पण जन्मापासूनचं होतं ते..."

शाल्मलीची शाळा, नुपूर, पोहण्याची स्पर्धा, सगळं तळेगावात होतं. तिने तिकडेच राहावं हे ऋतुजाने स्वतःहून सुचवलं, निनादला ते बोलायला लागू नये म्हणून. तो म्हणाला, "तूही ये ना तिकडे. वेगळं घर बघू." ती म्हणाली, "बघते." सांगलीला तिची माणसं होती, तिचं काम होतं. आणि ज्या घरातल्या दोघांचं एकमेकांशी जुळलंय, त्याच्या शेजारी राहून रोज दार ठोठावायचं तिला जमलं नसतं.

स्टँडवर तिला सोडायला दोघं आली. निनाद पाण्याची बाटली आणायला गेला. शाल्मली आईच्या पिशवीचा बंद धरून शेजारी उभी होती. स्टँडवर केवढा गलका होता, कुठल्या कुठल्या गाड्यांच्या घोषणा होत होत्या. ऋतुजाचं लक्ष चहूकडे चाललं होतं. शाल्मली तिच्याकडेच बघत होती.

"आई, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार की."

"मला वाटलं होतं तू दिसलीस की मला खूप रडू येईल. मी बाबांना तसं सांगून पण ठेवलं होतं. पण नाही आलं." तिने अगदी मन लावून, शब्द शोधत शोधत सांगितलं. "मला तू आवडतेस. पण रडू नाही आलं. असं का झालं गं?"

ऋतुजाला उत्तर माहीत होतं. अकरा वर्षांच्या पोरीला ते कळलंही असतं, आता तिला काहीही समजावून सांगितलं तर शेवटपर्यंत ऐकून कळायचं.

"मोठी झालीस म्हणून," ऋतुजा म्हणाली.

शाल्मलीने त्यावर विचार केला आणि मान हलवली. तिला ते पटलं. सांगलीची गाडी लागली तेव्हा ती तिनेच आधी ओळखली, आईला हाताला धरून दारापर्यंत नेलं आणि पिशवी वर दिली.

"पोचलीस की कळव हं," ती म्हणाली. "आणि पुढच्या वेळी यायच्या आधी सांग. म्हणजे मी तुझ्यासाठी वेळ काढून ठेवीन."

"सांगेन," ऋतुजा म्हणाली, आणि आत जाऊन पलीकडच्या बाजूच्या, शाल्मलीला दिसणार नाही अशा खिडकीत बसली.